निरपराध कोणास म्हणावे? – फतव्यांच्या गद्याचे एक वाचन

हैदराबादेत आबिद्सला खरेदीस जाणाऱ्या आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या तोंडी 'चिराग अली लेन' हे नाव असते. हे चिराग अली कोण, असा प्रश्न नोकरीची पंचवीस वर्षे उलटेपर्यंत मला पडला नव्हता. पडला तो एका लाजिरवाण्या प्रसंगामुळे. प्रस्तुत लेखाचा उगमही त्याच प्रसंगात असल्याने तो आधी सांगणे भाग आहे.

२५ ऑगस्ट २००७ च्या शनिवारी संध्याकाळी लुंबिनी पार्क आणि कोठीचे गोकुळ चाट या दोन ठिकाणी स्फोट झाले. चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यांत संगमनेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून सहलीला आलेली आपली मराठी मुलेही होती. हैदराबादच्या मराठी मंडळींना ते दोन दिवस कसे गेले हे सांगायला नको. सोमवारी कार्यालयात मी माझ्या शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यांना, चार माणसांच्या देखत, "तुमच्या धर्मात हे चालते का?" असे विचारले. वीस वर्षांचा स्नेह होता, डबे एकत्र उघडत होतो. त्यांनी मान वर करून एवढेच म्हटले, "सवाल सही है साब, पन मेरेकू कायकू पूछ रैं?" आणि ते पुन्हा कामास लागले. आठवड्याभराने मात्र त्यांनी माझ्यासमोर एक फाईल ठेवली. तीत उर्दू पुस्तिका होत्या, वर्तमानपत्रांची कात्रणे होती, एका जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या छायाप्रती होत्या. "पढ के फिर पूछो," म्हणाले.

ती फाईल पुढे वाढत गेली. आज ती दोन जाड गठ्ठ्यांची झाली आहे. इस्लाममध्ये नागरिकांविरुद्ध दहशतवादास मुभा आहे काय, या एका प्रश्नावर मुसलमान समाजातच गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे प्रचंड लेखन झाले, त्याचा हा अल्पसा नमुना होय. मी आलिम नाही. उर्दू आमच्या पिढीच्या हैदराबादकरास यावी तेवढी येते, अरबी मजकूर अनुवादांतूनच वाचला. तथापि विक्रीकर खात्यात हयात घालवल्यामुळे मसुदा वाचणे हा माझा व्यवसाय होता. कायद्याचे कलम कितीही उदात्त असो, त्याचा खरा अर्थ खाली बारीक अक्षरांतल्या 'परंतु' या शब्दापासून सुरू होतो. त्यास आम्ही परंतुक म्हणत असू. या साऱ्या लेखनाकडे मी त्याच सवयीने पाहिले. त्यातून जे दिसले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की मूळ कलमाविषयी वादच नाही. निरपराधाचा वध निषिद्ध आहे हे देवबंदचे मुफ्ती सांगतात, अल्-अझहरचे शेख सांगतात, आणि ज्यांच्या हातात बॉम्ब आहे तेही सांगतात. वाद आहे तो 'निरपराध' या शब्दाच्या व्याख्येचा आणि परंतुकांचा. आपल्याकडील वर्तमानपत्री चर्चेत ही गोष्ट सहसा निसटते. एक पक्ष कुराणातील शांतीची आयत पुढे करतो, दुसरा युद्धाची, आणि दोघेही आपापल्या घरी जातात.

सर्वांत अधिक उद्धृत होणारी आयत म्हणजे 'अल्-माइदा' या पाचव्या सूरेतील ३२वी. एका माणसाची हत्या ही अवघ्या मानवजातीची हत्या होय, असा तिचा आशय व्याख्यानांतून सर्वांच्या कानांवर आलेला आहे. व्याख्याते जे सांगत नाहीत ते असे की आयतीच्या पोटातच दोन अपवाद आहेत: खुनाचे प्रायश्चित्त आणि पृथ्वीवर माजवलेला 'फसाद'. लगेच पुढची ३३वी आयत फसाद माजवणाऱ्यांस अत्यंत कठोर शिक्षा सांगते. येथे गंमत अशी की अपवादाचा हा धागा दोन्ही बाजूंनी ओढता येतो. दहशतवादी शत्रूस फसादी ठरवून अपवादाचा लाभ घेतो. उलट परंपरागत फकीहांनी ३३व्या आयतीवरून 'हिराबा' हा गुन्हा सिद्ध केला. वाटमारी करणारा, नि:शस्त्र प्रवाशांत दहशत पसरवणारा, तो या गुन्ह्याचा आरोपी. म्हणजे बाजारात स्फोट घडवणाऱ्यास शास्त्राच्या कोणत्या खान्यात टाकायचे याचे उत्तर शास्त्राने शेकडो वर्षांपूर्वी देऊन ठेवले होते. एकच आयत अर्धी वाचणाऱ्या सद्हेतू वक्त्यांनी या उत्तराचा लाभ स्वत:हून सोडला, असे मला वाटते.

हदीसच्या साहित्यातही असेच. रणांगणावर एका स्त्रीचे प्रेत पाहून पैगंबरांनी नापसंती दर्शवल्याची व स्त्रिया आणि मुले यांच्या वधास मनाई केल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अबू दाऊदच्या संग्रहात खालिदला पाठवलेल्या निरोपात स्त्रीबरोबर 'असीफ'चाही उल्लेख येतो. असीफ म्हणजे मोलमजुरीने आलेला गडी. पहिले खलिफा अबू बक्र यांनी सेनापतीस दिलेल्या सूचनांत वृद्ध, मठवासी संन्यासी, इतकेच काय फळझाडेही संरक्षित आहेत. या सामग्रीवरून हनफी व इतर बहुसंख्य फकीहांनी असा सिद्धान्त काढला की युद्धाचे कारण समोरच्याचे लढणे हे आहे, त्याचे काफिर असणे नव्हे. शाफिई पंथातील एक मत याहून वेगळे आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांना परंतुके हवी होती त्यांनी आणखी दोन उदाहरणे शोधली. एक रात्रीच्या हल्ल्यात स्त्रिया-मुले सापडल्यास काय, याविषयीची हदीस. दुसरे 'ततर्रुस', अर्थात शत्रूने कैद्यांची ढाल केली तर काय, हा प्रश्न. इमाम गझालींनी 'अल्-मुस्तस्फा'त ढालीच्या या प्रश्नाला तीन अटी घातल्या. संकट अटळ असावे, निश्चित असावे आणि संपूर्ण समाजावरचे असावे. गझालींनी जे जवळजवळ अशक्य कोटीतले उदाहरण म्हणून घेतले, त्याच्या अटी गळून पडून विसाव्या शतकाच्या अखेरीस तो सर्रास वापरायचा नियम झाला. आमच्या खात्यातही असे घडत असे. दुष्काळासाठी दिलेली सूट सुकाळात कोणी सोडीत नाही.

आता ज्या मजकुराने हा वाद जगाच्या वेशीवर आणला त्याकडे वळू. २३ फेब्रुवारी १९९८ रोजी लंडनच्या 'अल्-कुद्स अल्-अरबी' या अरबी दैनिकात ओसामा बिन लादेन, ऐमन अल्-जवाहिरी आणि आणखी तिघांच्या नावाने एक निवेदन प्रसिद्ध झाले. रचना म्हणून ते कुशल आहे. आरंभी आयती, मग तीन गाऱ्हाणी: अरबस्तानात अमेरिकन फौजा, इराकवरील निर्बंध, आणि जेरुसलेम. ही गाऱ्हाणी वाचताना सामान्य अरब वाचकाने मान हलवली असेल तर नवल नाही. आणि मान हलतीच असताना निर्णय येतो: अमेरिकन व त्यांचे मित्र, नागरी असोत वा लष्करी, त्यांचा वध हे प्रत्येक मुसलमानाचे वैयक्तिक कर्तव्य होय. गाऱ्हाण्यापासून निर्णयापर्यंतची पायरीच गाळली आहे. नागरिकाचे संरक्षण कोणत्या आधारे उठले, हे सांगण्याची तसदी लेखकांनी त्या मजकुरात घेतलेली नाही. शिवाय प्रश्न अधिकारितेचा आहे. फतवा देण्याचा अधिकार मुफ्तीचा. लादेन हे बांधकाम व्यवसायाच्या घराण्यातले, जवाहिरी शस्त्रवैद्य. सक्षम प्राधिकाऱ्याच्या सहीवाचून निघालेला आदेश आमच्या भाषेत मुळातच रद्दबातल असतो. जगभरच्या उलेमांनी पहिला आक्षेप घेतला तो हाच.

गाळलेली पायरी पुढे ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या लेखनात भरण्याचा प्रयत्न झाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन जनतेस उद्देशून लिहिलेल्या पत्रात युक्तिवाद असा आहे: सरकार लोक निवडतात, कर लोक भरतात, त्या करातून विमाने व बॉम्ब येतात, म्हणून लोक निरपराध नाहीत. हा युक्तिवाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कर गोळा करणारा माणूस म्हणून दचकलो. अप्रत्यक्ष कराचा स्वभाव असा की तो कोणाला चुकत नाही. बिस्किटाचा पुडा घेणारे पोर कर भरते. भीक मागून चहा पिणाराही भरतो. त्याची संमती कोणी विचारलेली नसते. कर भरणे हा अपराध मानला तर जगात निरपराध माणूस उरत नाही, आणि मग मनाईचे मूळ कलमच कागदावरून पुसले जाते. ज्या परंतुकाने कलमच नाहीसे होते ते परंतुक नव्हे, हे कोणत्याही न्यायालयात टिकणारे तत्त्व आहे. धर्मशास्त्रातून उत्तर हवे तर असीफच्या हदीसमध्ये ते आहेच. फौजेबरोबर प्रत्यक्ष तळावर असलेला, त्यांचे सामान वाहणारा मजूरही जेथे वाचवायचा, तेथे हजारो मैलांवरून कर भरणारा कारकून कसा मारायचा?

याहून अवघड प्रकरण शेख यूसुफ अल्-करदावी यांचे. मूळचे इजिप्तचे, कतारमध्ये राहिलेले हे विद्वान २०२२ मध्ये वारले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा त्यांनी तत्काळ निषेध केला होता. त्याच सुमारास पॅलेस्टिनी आत्मघाती हल्ल्यांना मात्र त्यांनी संमती दिली. समर्थन असे की इस्रायली समाजात स्त्री-पुरुष दोघांनाही लष्करी सेवा सक्तीची, म्हणून तो समाजच लष्करी. सौदी अरेबियाचे प्रमुख मुफ्ती शेख अब्दुल अजीज आल-शेख यांनी २००१ मध्ये अशा हल्ल्यांना शास्त्राचा आधार नसल्याचे सांगितले होते. म्हणजे हा मतभेद एकाच सुन्नी विद्वत्परंपरेतला. करदावींचा आवाज अल्-जझीरावरून घरोघर जात होता. व्याप्त प्रदेशातील माणसाची हतबलता समजू शकते. करदावींच्या लेखनात ती खोट्या आवेशाने आलेली नाही. परंतु बसमध्ये बसलेली शाळकरी मुलगी पुढेमागे सैनिक होईल म्हणून आजच सैनिक, हे विधान मान्य केले की लादेनच्या कराच्या युक्तिवादाला ना म्हणण्याचा नैतिक हक्क राहत नाही. एका देशापुरते ठेवलेले परंतुक त्या देशापुरते राहत नाही. बगदाद, कराची, मुंबई येथे पुढे जे झाले त्याची जबाबदारी करदावींवर टाकणे अन्यायाचे होईल. त्यांच्या वाक्याने फटीत बोट घालून ठेवले होते, एवढे म्हणतो.

माझ्या फाईलमधला सर्वांत नाट्यपूर्ण भाग म्हणजे दोन डॉक्टरांची लढत. सय्यद इमाम अल्-शरीफ, टोपणनाव डॉ. फज्ल, हे इजिप्तच्या जिहादी चळवळीचे एकेकाळचे प्रमुख व तिचे मीमांसक. १९८०च्या दशकाअखेरचे त्यांचे 'अल्-उम्दा' हे पुस्तक अफगाण छावण्यांत पाठ्यपुस्तकासारखे वापरले गेले. हेच गृहस्थ २००७ मध्ये इजिप्तच्या तुरुंगातून, जिहादी कार्यास योग्य वळण देण्यासाठी म्हणून एक दीर्घ दस्तऐवज लिहितात आणि तो त्याच वर्षी नोव्हेंबरात कैरोच्या 'अल्-मसरी अल्-यौम' आणि कुवेतच्या 'अल्-जरीदा' या दैनिकांतून क्रमश: प्रसिद्ध होतो. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला मुद्दा व्हिसाचा आहे. परक्या देशाचा व्हिसा घेऊन शिरणारा मुसलमान त्या देशाशी 'अमान'चा, म्हणजे परस्पर अभयाचा करार करतो. त्यानंतर तेथील माणसांवर हात उचलणे ही विश्वासघाताची कृती आहे, आणि विश्वासघात शास्त्रात कोठेही क्षम्य नाही. तसेच आपल्या देशात व्हिसावर आलेल्या पर्यटकासही अभय आहे. लक्सरच्या १९९७ च्या हत्याकांडाचे इजिप्तला विस्मरण झालेले नसताना हे लिहिले गेले, हे लक्षात घ्यावे.

या युक्तिवादाचे सौंदर्य असे की त्यास 'निरपराध' शब्दाची गरजच पडत नाही. समोरचा अपराधी आहे की नाही, कर भरतो की नाही, हा वाद बाजूस राहतो. आपण दिलेला शब्द तेवढा उरतो. कागदावरची एक शिक्क्याची खूण धर्मशास्त्रात प्रवेश करते आणि तेथे सन्मानाने बसते, हे पाहून सरकारी नोकरीत हजारो शिक्के मारलेल्या माझ्यासारख्यास समाधान वाटले तर वाचकांनी हसू नये. अर्थात २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत उतरलेले दहा जण होडीतून आले, त्यांना व्हिसा नव्हता. पण त्यांच्यासाठी ताजमहाल हॉटेलची आणि इतर ठिकाणांची पाहणी करून गेलेला डेव्हिड हेडली मात्र रीतसर व्हिसा घेऊनच येत-जात होता.

जवाहिरींनी २००८ च्या वसंतात सुमारे दोनशे पृष्ठांचे उत्तर लिहिले. त्याचे नाव 'अत्-तबरिआ', म्हणजे दोषमुक्ती. अमान म्हणजे व्हिसा हे समीकरण ते अमान्य करतात. मात्र त्यांचा सर्वांत जिव्हारी लागणारा टोला शास्त्राबाहेरचा आहे. पुस्तक येण्याआधीच त्यांनी उपहासाने विचारले होते की इजिप्तच्या कोठड्यांत आता फॅक्स यंत्रे आली काय, आणि ती विजेचे झटके देणाऱ्या यंत्रांच्याच तारेवर चालतात काय. हा टोला विनोद म्हणून उडवून लावता येत नाही. तुरुंगात लिहिलेल्या पश्चात्तापाचे प्रामाण्य किती, हा समीक्षेचाही प्रश्न आहे. माझे मत असे की लेखकाच्या हेतूवर संशय घेता येतो, युक्तिवादावर नाही. व्हिसाचा मुद्दा तुरुंगात लिहिला काय किंवा बागेत लिहिला काय, त्याला उत्तर द्यावेच लागते. दोनशे पृष्ठांत ते मला समाधानकारक मिळाले नाही. जवाहिरी २०२२ च्या जुलैअखेर काबूलमध्ये मारले गेले.

आपल्या नियतकालिकाच्या वाचकांना विशेष रुचेल असा भाग पाठचिकित्सेचा आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधिकालात मंगोलांच्या अमलाखाली गेलेल्या मार्दिन या शहराविषयी इब्न तैमिया यांनी एक छोटा फतवा दिला. ते शहर इस्लामचे घर की युद्धाचे घर, असे विचारणाऱ्यास त्यांनी सांगितले की ते दोन्हींपैकी एकही नाही, तिसऱ्याच प्रकारचे आहे; तेथील मुसलमानास त्याच्या योग्यतेनुसार वागवावे आणि शरीयतीबाहेर गेलेल्यासही त्याच्या योग्यतेनुसार वागवावे. 'वागवावे' यासाठी मूळ क्रियापद 'युआमल' आहे. १९०९ मध्ये छापलेल्या आवृत्तीत दुसऱ्या ठिकाणी तेथे 'युकातल' पडले. अर्थ झाला, 'त्याच्याशी लढावे'. अरबी लिपीत दोन्ही शब्द डोळ्यांना भावंडांसारखे दिसतात. ही छापील चूक पुढच्या प्रचलित संग्रहांत जशीच्या तशी गेली. अनवर सादात यांची ६ ऑक्टोबर १९८१ रोजी हत्या करणाऱ्यांचा वैचारिक गुरू अब्दुस्सलाम फरज याने आपल्या 'अल्-फरीदा अल्-गाइबा' या पुस्तिकेत ज्या आधारांवर इमारत रचली त्यांत हा फतवा प्रमुख आहे. शुद्ध पाठ दमास्कसच्या जाहिरिया ग्रंथालयातील हस्तलिखितात होता, इब्न तैमियांचे शिष्य इब्न मुफ्लिह यांच्या ग्रंथातही होता. मार्च २०१० मध्ये मार्दिनमध्येच शेख अब्दुल्ला बिन बय्या यांच्या पुढाकाराने विद्वानांची परिषद भरली आणि तीत हा पाठभेद जाहीरपणे मांडला गेला.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती आपल्या परंपरेत पुण्याई मानली जाते. पाठ शुद्ध करण्याचे काम कंटाळवाणे, अनाम आणि वेळखाऊ. मार्दिनच्या चुकीने कोणी बॉम्ब टाकणारा घडला असे मी म्हणत नाही. ज्यास मारायचे आहे तो दुसरा आधार शोधील. पण जो तरुण अजून डगमगतो आहे, ज्यास आधार हवाच आहे, त्याच्या हाती खोटा पाठ पडणे आणि खरा पाठ पडणे यांत फरक आहे. एका शतकभर तो फरक कोणी पाहिला नाही, याचे वाईट वाटते.

आता आपल्या भूमीकडे येऊ. फाईलमधल्या छायाप्रती होत्या त्या मौलवी चिराग अलींच्या ग्रंथाच्या. हे गृहस्थ निजाम सरकारच्या महसूल व वित्त खात्यांत उच्च अधिकारी होते. १८९५ मध्ये वारले. जिहादविषयक प्रचलित समजांची चिकित्सा करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८५ मध्ये कलकत्त्यास निघाला. पार्श्वभूमी लक्षात घेण्याजोगी आहे. १८७१ मध्ये विल्यम हंटर यांनी, हिंदी मुसलमान राणीविरुद्ध बंड करण्यास धर्माने बांधलेले आहेत काय, असा प्रश्न विचारणारे पुस्तक लिहिले होते. मी २००७ मध्ये विचारला त्याच जातीचा प्रश्न, फक्त विचारणारा मोठा साहेब. सर सय्यद अहमद यांनी त्यास उत्तर दिले आणि चिराग अलींनी ते काम आणखी खोल नेले. पैगंबरांच्या सर्व लढाया बचावात्मक होत्या, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. ग्रंथाच्या परिशिष्टात 'जिहाद' या शब्दाची, प्राचीन अरबीपासून कुराणातील एकेका वापरापर्यंत, तपासणी आहे आणि 'परिश्रम' हाच त्याचा मूळ अर्थ असून युद्ध हा अर्थ मागाहून चिकटला, असा निष्कर्ष आहे. दिवसा महसुलाचे हिशेब आणि रात्री हे शब्दशोधन! ग्रंथाचा दोषही सांगितला पाहिजे. तो इंग्रजीत आहे आणि मिशनऱ्यांना उद्देशून आहे. वकिली थाट सुटत नाही. सर्वच लढाया बचावाच्या ठरवताना इतिहासाला थोडे पिळावे लागले आहे. उर्दूत तो आला तोवर मशिदीतल्या माणसाचे कान दुसरीकडे वळले होते.

ते वळवणारा माणूसही मराठवाड्यातला निघावा हा योग विलक्षण आहे. अबुल आला मौदूदी १९०३ मध्ये औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) जन्मले. डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांची हत्या झाली आणि इस्लामवर तलवारीचा आरोप देशभर दुमदुमू लागला. तेविशीचे मौदूदी तेव्हा दिल्लीच्या 'अल्-जमियत' पत्राचे संपादक. त्यांनी १९२७ मध्ये लेखमाला सुरू केली आणि तीच १९३० मध्ये 'अल्-जिहाद फिल् इस्लाम' या ग्रंथाच्या रूपाने आली. एका खुनाच्या लाजेतून जन्मलेले हे पुस्तक. लढणारे व न लढणारे यांच्यातील भेद त्यात इतक्या स्पष्टपणे मांडला आहे की आज कोणत्याही दहशतवादविरोधी पत्रकात ती पाने जशीच्या तशी घालावीत. पण त्याच पुस्तकात बचावाच्या युद्धाशेजारी 'मुस्लिहाना' म्हणजे सुधारणेसाठी करावयाच्या युद्धाचे प्रकरण आहे. जगातील जुलमी सत्ता मोडून काढण्याचा तो अधिकार आहे. चिराग अलींनी जे दार बंद केले ते मौदूदींनी उघडले, आणि उंबऱ्यावर नियमांची पाटी लावली. पुढे आत शिरणाऱ्यांनी पाटी वाचली नाही. खुद्द मौदूदी मात्र आपल्या नियमाशी प्रामाणिक राहिले: १९४८ मध्ये काश्मीरच्या लढ्याविषयी, सरकारने उघड युद्ध पुकारल्यावाचून आडून लढणे हा जिहाद नव्हे, अशी भूमिका घेतल्याने पाकिस्तानात त्यांच्यावर गहजब झाला.

हाच धागा मौलाना वहीदुद्दीन खान यांनी अखेरपर्यंत ओढून नेला. ते आरंभी मौदूदींच्या जमातीत होते, मतभेदाने बाहेर पडले. युद्ध पुकारण्याचा अधिकार केवळ प्रस्थापित शासनाचा, तोही बचावापुरता आणि जाहीरपणे; व्यक्तीला, संघटनेला, गनिमाला तो मुळीच नाही, हे त्यांनी 'अल्-रिसाला'तून वर्षानुवर्षे सांगितले. बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतर मुंबई ते नागपूर शांतियात्रा करणारे हेच मौलाना. २०२१ मध्ये ते गेले. त्यांचे गद्य या सर्वांत सोपे, छोट्या वाक्यांचे, रोजच्या दाखल्यांचे. मला त्यात एक उणीव भासते. अन्याय झालेल्यास ते इतक्या लवकर धीर धरण्यास सांगतात की त्याचे गाऱ्हाणे पुरते ऐकून घेतले असे वाटत नाही. २००७-०८ मध्ये 'इंडियन मुजाहिदीन' नावाने येणाऱ्या ई-पत्रांत बाबरी आणि गुजरात २००२ यांची गाऱ्हाणी होती. निकाल खोटा, पण गाऱ्हाणी खरी. अशा वाचकास धीराचा उपदेश पुरत नाही.

देवबंदच्या मसुद्याचे महत्त्व या संदर्भात कळते. २५ फेब्रुवारी २००८ रोजी दारुल-उलूममध्ये देशभरचे मदरसेवाले जमले. त्यांच्या घोषणापत्राने, निरपराधांवरील हल्ला व्यक्तीने केलेला असो, संघटनेने वा सरकारने, तो दहशतवादच, अशी व्याख्या केली आणि त्याच कागदावर निष्पाप मुस्लिम तरुणांच्या धरपकडीची तक्रारही नोंदवली. ३१ मे रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर प्रश्नोत्तररूपी फतवा वाचला गेला. नोव्हेंबरात जमियत उलमा-ए-हिंदचे अधिवेशन आमच्या हैदराबादेत भरले आणि हजारो उलेमांनी त्यास अनुमोदन दिले. निषेध आणि तक्रार एकत्र मांडली म्हणून त्या वेळी इंग्रजी पत्रांतून टीका झाली, निषेध 'पातळ' झाला असे म्हटले गेले. मला उलट वाटते. मक्का मशिदीत १८ मे २००७ रोजी स्फोट झाला, नऊ माणसे गेली, नंतरच्या गोळीबारात आणखी पाच गेली. आणि पकडली गेली ती जुन्या शहरातलीच मुले. ती पुढे निर्दोष सुटली. हे ज्यांनी पाहिले त्यांच्यापुढे तक्रार वगळून निषेध वाचला असता तर कोणी ऐकला नसता. घोषणापत्राचा खरा दोष निराळा: त्यात एकाही संघटनेचे नाव नाही. आरोपीचे नाव नसलेले आरोपपत्र कोणालाच लागू होत नाही.

ती उणीव ताहिर-उल-काद्री यांच्या फतव्यात नाही, असे म्हणता येईल. मार्च २०१० मध्ये लंडनला त्यांनी सहाशेहून अधिक पृष्ठांचा उर्दू फतवा जाहीर केला. त्यात आत्मघाती हल्ल्यास कोणत्याही देशात, कोणत्याही सबबीवर सूट नाही. परंतुकरहित मसुदा म्हणून त्याचे मोल मोठे. फक्त तो दहशतवाद्यांना थेट 'खवारिज' म्हणून धर्मबाह्यतेच्या काठावर नेऊन बसवतो. दुसऱ्यास धर्मबाह्य ठरवण्याची सवय हाच तर रोगाचा आरंभ होता. २००५ च्या अम्मान परिषदेने म्हणूनच ती वाट बंद केली होती. सप्टेंबर २०१४ मध्ये सव्वाशेहून अधिक विद्वानांनी अबू बक्र अल्-बगदादीस लिहिलेल्या खुल्या पत्रातही त्याचे एकेक कृत्य शास्त्रविरुद्ध ठरवले आहे, पण त्याला काफिर म्हटलेले नाही. संयमाचे हे गद्य मला अधिक पटते. सहाशे पाने कोण वाचणार, हाही प्रश्न आहेच.

या ठिकाणी हमीद दलवाई आठवतात. ते १९७७ मध्ये गेले, हा काळ त्यांनी पाहिला नाही. पण आयतीला आयतीने उत्तर देण्याच्या खेळावर त्यांचा विश्वास नव्हता. १९६६ मध्ये सात स्त्रियांचा मोर्चा घेऊन ते निघाले ते नागरिकत्वाच्या आधारावर, ग्रंथाच्या नव्हे. खून हा खून आहे, त्यासाठी तेराव्या शतकातला पाठ कशाला तपासायचा, हा त्यांच्या वाटेचा आक्षेप बिनतोड आहे. माझे उत्तर एवढेच की ज्या तरुणास राज्यघटनेने विचलित होत नाही त्यास त्याच्याच पुस्तकातून थांबवण्याचे कामही कोणीतरी केलेच पाहिजे, आणि ते दलवाईंचे काम नव्हते. दोन्ही कामे चालू राहावीत. दोघांनी एकमेकांस मूर्ख म्हणू नये, ही अपेक्षा अवास्तव असेल, पण आहे.

फाईलमधला शेवटचा कागद फतवा नाही, बातमी आहे. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईच्या बड्या कब्रस्तानात जागा देण्यास तेथील मुस्लिम विश्वस्तांनी नकार दिला. प्रेताला माती देणे हे इस्लाममध्ये साऱ्या समाजाचे कर्तव्य मानतात. ते बजावण्यास नकार देणे शास्त्राला धरून आहे का, यावर उलेमांत दोन मते असू शकतील. प्रेते वर्षाहून अधिक काळ शवागारात राहिली, आणि जानेवारी २०१० मध्ये त्यांचे गुपचूप दफन झाल्याचे महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांनी पुढे सांगितले. त्या कात्रणाच्या समासात माझ्या सहकाऱ्यांनी पेन्सिलीने काहीच लिहिलेले नाही. इतर प्रत्येक कागदावर त्यांची टिपणे आहेत.

२०१० पासून मक्का मशिदीच्या खटल्यात आरोपींची नावे बदलली. आता ती माझ्या धर्मातल्या माणसांची होती. २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांनाही पुराव्याअभावी मुक्त केले. नावे वर्तमानपत्रात पहिल्यांदा आली त्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे अकरा वाजता कँटीनमध्ये चहा घेतला. पेपर टेबलावर उघडा होता. तुमच्या धर्मात हे चालते का, असे त्यांनी मला विचारले नाही.